मुरमातला फणस

"कॅमेरा जरा खाली घ्या ना. मुळाशी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

कमलने मोबाइल खाली नेला. पडद्यावर तिची चप्पल दिसली, तडकलेली माती दिसली, मग फणसाचं खोड. अंगठ्याएवढं जाड. उंची कमरेला लागेल एवढी. पानं पिवळी पडून लोंबत होती.

"पानं अशी का झालीत?"

"ऊन हाय ना बाई. पानगळ म्हणायची."

फणसाची अशी पानगळ होत नाही. कमलला ते ठाऊक नव्हतं, कारण तिच्या गावात फणस कुणी बघितलेलासुद्धा नव्हता. डॉक्टरबाईंना ठाऊक होतं. त्या एडिनबराला त्यांच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या, कमल बीड जिल्ह्यातल्या डोंगरात उन्हात उभी होती, आणि मी लंडनमध्ये एजवेअरला ऑफिसात दोघींच्या मध्ये. मध्ये बसणं हीच माझी नोकरी.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. बालाघाटाच्या डोंगरात एका रोपवाटिकेत पिशव्या भरायला लागले आणि मुकादम होऊन बाहेर पडले. पिशव्या भरणं म्हणजे काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत माती, शेणखत भरून त्यात बी टोचायचं. आयुष्य त्यात गेलं. नवरा वारल्यावर मुलाने कागदपत्रं करून मला लंडनला आणलं. घरात बसून मी काही दिवस रस्ता बघितला. रस्त्यावर बघण्यासारखं काही नसतं. मग मुलाच्या ओळखीने या संस्थेत लागले.

संस्था छोटी आहे. दातांच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्या. इथली मराठी माणसं देणगी देतात, आणि तिकडच्या कोरड्या गावांत दोन कामं होतात. एक, गावच्या बायकांची सामाईक परसबाग, म्हणजे एका जागेत सगळ्यांनी मिळून पिकवलेली भाजी. दुसरं, बागेच्या कडेने आणि डोंगरावर झाडं. झाडांनी वारा अडतो, माती धरून राहते, बागेला कुंपण होतं.

देणगी देणाऱ्याला आपल्या माणसाच्या नावाने झाड लावता येतं. वारलेले आई, वडील, नवरा. झाडाला पत्र्याची पाटी. देणगीदार आणि गाव यांनी थेट बोलायचं नाही, हा आमचा नियम. थेट बोलले की इकडचे काहीबाही कबूल करून बसतात आणि तिकडचे वाट बघत बसतात. म्हणून प्रत्येक व्हिडिओ कॉलवर ऑफिसचं कुणीतरी हवं. ते कुणीतरी म्हणजे मी.

कुठलं झाड लावायचं ते देणगीदाराने सांगायचं, ही सूट आमच्या मॅनेजरने दिली होती. सुजय त्याचं नाव. पुण्याचा, आधी बँकेत होता. मुरमाड जमिनीत करंज, कडुनिंब, बाभूळ, हादगा असलं टिकतं, हे त्यालाही माहीत होतं. पण वडिलांच्या नावाने बाभूळ लावा म्हणून कुणी सांगत नाही. एकाने सोनचाफा मागितला. एकीने बकुळ. डॉक्टरबाईंच्या नवऱ्याचं कोकणातलं घर होतं, घरामागे फणस होता, म्हणून त्यांनी फणस मागितला.

"सुजय, फणस तिथे जगायचा नाही," मी तेव्हा म्हणाले होते.

"माहितीये मावशी. पण नाही कसं म्हणू? हजबंडची मेमरी आहे."

"मग फोटो लावा म्हणावं भिंतीला."

"असं बोलायचं नसतं देणगीदारांशी."

"तुझ्याशी बोलतेय."

चाफा, बकुळ पहिल्याच उन्हाळ्यात गेले. त्यांच्या जागी करंज लावून पाट्या त्याच ठेवल्या. घरच्यांना विचारून ठेवल्या, लपवाछपवी नव्हती. फणस तेवढा राहिला. कारण डॉक्टरबाई दर महिन्याला कॉल लावायच्या आणि त्यांना दाखवायचा म्हणून कमल त्याला चार तांबे जास्त घालायची.

कमलचं सांगते. ती त्या बागेची पुढारी. पूर्वी दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायची. तिथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक जोडी, एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधून वाहायच्या. तिच्या नवऱ्याची कंबर त्यातच गेली. बाग सुरू झाली तेव्हापासून कमल आणि बाकीच्या बायका गावातच राहिल्या. भाजी आठवडी बाजारात जायची, थोडी शाळेच्या खिचडीत. कमलची मुलगी नववीत गेली. बाग मोडली तर कमलला पुन्हा उसाला जावं लागणार होतं, आणि जोडीतला दुसरा हात आता मुलीचा असणार होता. हे तिने मला स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून तो उन्हाळा बागेने काढणं महत्त्वाचं होतं. बाकी कशाला महत्त्व नव्हतं.

आणि तो उन्हाळा वाईट निघाला. बोअरची मोटार थोडा वेळ पाणी ओतायची, मग नुसती हवा. आधी गावचं पिणं, मग बाग, असं ग्रामपंचायतीशी ठरलेलं होतं. बागेच्या वाट्याला येईल ते पाणी वाफ्यांनाच पुरत नव्हतं. आम्ही ठरवलं की झाडांचं पाणी बंद. करंज, निंब आपलं आपण बघतील. फणस मरेल.

एवढंच डॉक्टरबाईंना सांगायचं होतं. नेमकी तेव्हा एडिनबराला देणगीदारांची बैठक होती. सुजय मला ट्रेनने बरोबर घेऊन गेला.

"मावशी, त्यांना तुम्हीच सांगा," तो म्हणाला.

"मी का? माझ्या तोंडात साखर आहे का?"

"तसं नाही. तुमचेही मिस्टर गेलेत. तुम्ही समजू शकता."

"मग उद्या टकला देणगीदार आला की तुला पाठवते."

तो डोक्यावरून हात फिरवून हसला आणि बैठकीच्या हॉलकडे गेला. मी डॉक्टरबाईंच्या घरी गेले.

बाई भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त. दोघं नवराबायको इथल्या हॉस्पिटलात आयुष्यभर राबले. मुलगा केंब्रिजला. घर मोठं, एकटीला जास्तच. बाहेर पाऊस लागून राहिला होता. मागच्या दारी छपराचं पाणी साठवायला पिंप ठेवलं होतं, ते भरून वाहत होतं, आणि हिरवळीवर शेवाळ चढलं होतं. मी ते बघत होते तर बाई म्हणाल्या, "त्या मॉसचा फार वैताग आहे हो."

चहा दिला. मी सरळ विषय काढला.

"बाई, तिकडे बोअर आटत आलंय. पाणी भाजीला द्यायचं की झाडांना, इथवर आलंय. फणसाचं पाणी आता बंद करायचं. जाऊ द्या त्याला."

"जाऊ द्या म्हणजे?"

"वाळेल."

"नाही, नाही. तसं नका करू."

"पावसाळ्यात तिथेच कडुनिंब लावू. पाटी तीच. तो तुमच्या नातवंडांनाही पुरेल."

"शेवंताबाई, झाडाचं नाहीये हो." त्यांनी कप खाली ठेवला. "ते तिथे आहेत."

मला वाटलं, वयाने बाईंना भास व्हायला लागले. "कोण आहे?"

"हे. यांच्या अस्थी. फणसाखाली मी ठेवल्यात."

आम्ही जानेवारीत देणगीदारांना गावं दाखवायला नेतो. त्या आणि मुलगा गेल्या खेपेला आले होते. मुलगा सगळ्यांना फोटोसाठी डोंगराकडे घेऊन गेला आणि बाई मागे राहिल्या. खुरप्याने आळं उकरलं, आळं म्हणजे झाडाच्या बुंध्याभोवती पाण्यासाठी केलेला खळगा, आणि पिशवीतली राख त्यात घातली. वर माती लोटली.

"अर्ध्या इथे समुद्रात सोडल्या," त्या म्हणाल्या. "अर्ध्या ठेवल्या होत्या कपाटात. कोकणातलं घर यांच्या भावांनी विकलं. फणस पण तोडला. मग म्हटलं, त्या गावात तरी यांचा फणस आहे."

"कुणाला विचारलंत?"

"इथे सगळे असंच करतात. गार्डनमध्ये ठेवतात, गोल्फ कोर्सवर टाकतात. त्यात विचारायचं काय?"

"तिथे विचारायचं असतं."

"कोणाला? प्लॉट तर चॅरिटीचा आहे ना?"

"गायरान आहे ते. सगळ्या गावाचं. आणि फणसाच्या शेजारी हातभरावर वांगी लावलीत."

त्यांचा चेहरा उतरला. "मी आले तेव्हा तिथे काही नव्हतं."

ते खरं होतं. वाफे नंतर वाढवले.

"पण शेवंताबाई, सायंटिफिकली त्याने काही होत नाही," बाई म्हणाल्या. "राख म्हणजे शेवटी मिनरल्स."

"वांग्याला काही होत नाही. वांगी विकणारीला होतं."

मग त्या रडल्या. मी पाठीवर हात वगैरे फिरवला नाही, मला ते जमत नाही. चहा संपवला आणि कप धुऊन ठेवला. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांना तहानलेलं नका ठेवू." शिकलेली बाई, हजारो माणसांना भूल दिलेली.

एक गोष्ट मी त्यांना बोलले नाही. माणसाची राख खारट असते. एका जागी जास्त पडली तर कोवळं मूळ जाळते. पानं पिवळी पडली त्यात उन्हाचा वाटा किती आणि यजमानांचा किती, हे सांगता येत नव्हतं.

परतीच्या ट्रेनमध्ये सुजयला सांगितलं.

"हे आपल्या दोघांत राहू दे," तो म्हणाला.

"कमलला सांगायला हवं. ती त्या मातीत रोज हात घालते."

"तिला माहीत नाही तर तिला त्रासही नाही. मावशी, हे गावात फुटलं तर त्यांची भाजी कोण घेईल? तुम्हीच म्हणता, विकणारीला होतं."

"आज ना उद्या कळेल."

"कोण सांगणार आहे? तुम्ही?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मी आयुष्यभर मातीत हात घातलाय. हातात काय आहे ते हात घालणारीला ठाऊक असावं, असं मला वाटतं. शिवाय मार्ग सोपा दिसत होता. कमलने सकाळी लवकर जाऊन ती माती घमेल्यात भरायची, खालच्या नाल्यात टाकायची. पाऊस आला की वाहून जाईल. कुणाला कळायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी मी कमलला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"कमल, आहेस का?"

"हाय." मग म्हणाली, "मावशे, ह्या हातानं मी लेकरास्नी भाकर देते."

"हो. म्हणूनच सांगितलं. उकर आणि नाल्यात टाक."

"नाल्यात पाणी हाय का?"

"नाही."

"मग? कोरड्या नाल्यात टाकू माणसाला? कुत्री हिंडतात तिथं."

"कमल, राख आहे ती."

"तुमच्या मालकाची टाकली असती का तुम्ही?"

माझ्या नवऱ्याची गोदावरीला सोडली, नदीला भरपूर पाणी असताना.

"पाऊस पडू द्या," कमल म्हणाली. "नाल्याला पाणी आलं की मी सोडते. तवर हाय तिथं राहू द्या बाबाला. पारूला सांगत न्हाई, कुणालाच सांगत न्हाई."

पारू म्हणजे तिची जाऊ. बागेत दुसऱ्या नंबरची, तोंडाने पहिल्या.

मला वाटलं, प्रश्न सुटला. कमल शहाणी आहे, फणसाचं पाणी तोडेल, पावसापर्यंत गप्प बसेल. ती गप्प बसली. पाणी मात्र तिने तोडलं नाही. उलट वाढवलं. झाड होतं तोवर तिला ते मरायला सोडता येत होतं. आता त्यात माणूस होता. मेलेल्याला आपण पाणी देतो. ती बाई रोज सकाळी कळशी घेऊन फणसाला घालायला लागली. ते पाणी बागेच्या वाट्यातलं. दुसरं पाणी होतंच कुठे?

हे मला कळलं पुढच्या व्हिडिओ कॉलवर.

डॉक्टरबाई कॉलवर येताना घाबरलेल्या होत्या. कमलने मोबाइल फणसासमोर धरला. शेंड्याला दोन नवी पानं फुटली होती. तांबूस, चकचकीत.

"अय्या! पालवी!" बाई ओरडल्या. "शेवंताबाई, बघितलंत? बघितलंत का?"

मी बघत होते, पण फणसाच्या मागचं. वांग्यांनी माना टाकल्या होत्या. मिरचीचा वाफा तर नावाला उरला होता.

"कमलताई, कसे उपकार फेडू तुमचे," बाई म्हणाल्या.

कमल चांगली बाई आहे. तिला वाटलं, या बिचारीला जरा धीर द्यावा. ती म्हणाली, "काळजी करू नका बाई. साहेब बरे हायत. मी रोज पाणी देते त्यास्नी."

डॉक्टरबाईंनी तोंडावर पदर धरल्यासारखा शालीचा काठ धरला. त्यांना कळलं की कमलला कळलंय. मी आता काहीतरी बोलून विषय बदलावा म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कोन साहेब?"

पारू. ती कधी येऊन उभी राहिली होती देव जाणे. कमलचा हात हलला, पडद्यावर नुसतं पांढरं आभाळ दिसायला लागलं, आणि आवाज तेवढे येत राहिले.

"कोन साहेब बरे हायत? कुणाला पाणी देती तू?"

"कुणाला न्हाई. तू जा."

"वांगी वाळाय लागली, आमी म्हणतोय पाणी कुटं मुरतंय! झाडाला साहेब म्हणती व्हय? काय दिलं तुला त्या बाईनं?"

"एक रुपाया दिला न्हाई कुणी."

"मग बोल की. का येडी झालीस?"

कमलवर चोरीचा आळ येत होता. सगळ्यांचं पाणी चोरून परक्या बाईचं झाड जगवल्याचा. एवढ्या वर्षांत तिने बागेतली मिरचीही कुणाला न विचारता तोडली नव्हती. ती खरं बोलली. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. एडिनबराहून डॉक्टरबाई "हॅलो, हॅलो" करत होत्या. मी कॉल बंद केला.

पुढचं लवकर झालं.

पहिल्या बाजारात बायकांच्या भाजीच्या टोपल्यांना कुणी हात लावला नाही. बाजार दुसऱ्या गावाला भरतो, बातमी त्यांच्या आधी पोचली होती. "राखेची वांगी" असं नाव पडलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, "साहेब गोड लागतो का कडू?" लोक हसले. शाळेने भाजी परत पाठवली. मुख्याध्यापकांनी फोनवर मला सांगितलं की त्यांचा स्वतःचा विश्वास नाही असल्या गोष्टींवर, पण पालक ऐकत नाहीत. स्वतःचा विश्वास नसलेली माणसं मला नेहमी भेटतात.

एक सांगायला हवं. आमच्याकडेही आता काही घरं राख नदीत सोडत नाहीत. शेतात पुरतात, वर झाड लावतात. चांगलंच आहे. पण माणूस आपला आणि बांधही आपला. परक्या मुलखातला, जातपात गाव ठाऊक नसलेला माणूस कुणी गुपचूप गावच्या भाजीत ठेवून जात नाही.

ग्रामसभा भरली. सुजय आणि मी एजवेअरहून मोबाइलवर. सुजयने फार चांगलं भाषण केलं. मृत्यू, माती, निसर्गाचं चक्र. विटाळ वगैरे जुन्या कल्पना आहेत म्हणाला. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं.

मग एक आजोबा उठले. "साहेब, तुमच्या आजीला जाळलं ती जागा ठाव हाय का?"

"हो. पुण्याला."

"तिथली कोथिंबीर आणून खाल का?"

सुजयने हो म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

ठरलं असं की झाड उपटायचं आणि आळ्याची माती खणून गावाबाहेर न्यायची. डॉक्टरबाईंनी हो म्हटलं. मी फोन केला तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "पाणी आहे तिथे सोडाल ना?" हात लावायला कुणी तयार नव्हतं. ट्रॅक्टरवाला नाही म्हणाला. शेवटी कमलनेच खणलं. तिचा कंबर गेलेला नवरा काठीवर टेकून शेजारी उभा राहिला, तेवढीच सोबत. पोत्यात माती भरली, वर तो फणस ठेवला, आणि लांबच्या गावचा टेम्पो ठरवून गोदावरीला नेलं. त्या टेम्पोवाल्याला आत काय आहे ते सांगितलं नाही.

डॉक्टरबाईंना ते बघायचं होतं. मी नियमाप्रमाणे मध्ये बसले. तिकडे मोबाइल कमलच्या नवऱ्याने धरला होता. नदीत पाणी घोट्याएवढं होतं. कमल आत जाऊन वाकली आणि पोतं उपडं केलं. माती जागच्या जागी बसली, वाहिली नाही. ती हाताने ढकलत राहिली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "राहू दे कमलताई, राहू दे आता." कमल थांबली नाही. नेटवर्क गेलं तेव्हाही ती वाकलेलीच होती.

नंतर पाऊस चांगला झाला. बाग तरारली. राख गेली होती, झाड गेलं होतं, त्या जागेवर बायकांनी शेणाने सारवून नारळसुद्धा फोडला. काही उपयोग झाला नाही. नाव एकदा पडलं की पडलं. भाजी घरी खाल्ली, शेळ्यांना घातली. पारू पहिली बाहेर पडली. मग एकेक. दिवाळीच्या आधी उसाचा मुकादम गावात आला आणि कमलने कोयता घेतला. मुलीचं नाव शाळेच्या पटावर अजून आहे. मुलगी मोळ्या वाहते.

मी कमलला सांगितलं ते बरोबर की चूक, असं मला सून विचारते. सांगितलं नसतं तर झाड वाळलं असतं, बाग राहिली असती, आणि कमल तो माणूस पायाखाली घेऊन वांगी विकत राहिली असती. तिला ते चाललं असतं का, हे मी तिला फोनवर विचारलं. ती कारखान्याच्या बाहेर खोपीत होती. म्हणाली, "मावशे, आता विचारून काय करता?" आणि ऊस भरायची गाडी आली म्हणून फोन ठेवला.

संस्थेने त्या जिल्ह्यातलं काम थांबवलं. दुसऱ्या जिल्ह्यात सुरू केलं. नावाची झाडं चालूच आहेत, त्याच्याशिवाय देणगी येत नाही. फक्त सुजयने झाड निवडायची सूट काढली आणि माहितीपत्रकात एक ओळ घातली की अस्थी ठेवू नयेत. परवा एक गृहस्थ ती ओळ वाचून माझ्यासमोर हसले. "असं कोण करतं हो?" म्हणाले. मी म्हटलं, चांगली माणसं करतात.

डॉक्टरबाईंनी फोन करून विचारलं, कमलसाठी काही पाठवू का, मुलीच्या शिक्षणाचं बघू का. थेट बोलायचं नाही हा नियम, म्हणून मी कमलला निरोप दिला.

"बाई वाईट न्हाई," ती म्हणाली. "पण म्हणावं, आता काई ठेवू नका आमच्याकडं."

हा निरोप मी डॉक्टरबाईंना जसाच्या तसा दिला. त्यांनी थँक्यू म्हटलं.

इतकी वर्षं या कामात काढल्यावर मला एक कळलंय. मदत देणारा बदल्यात काही मागतो, ते बरं असतं. मागितलं की नाही म्हणता येतं. न मागता, विश्वासाने, डोळ्यांत पाणी आणून जे ठेवून जातात, त्याला नाही म्हणायची सोय नसते. ते उचलायला गावातलीच कुणीतरी वाकते.